बर्फाचा गोळा

'गोठवणार म्हणजे? मी काय मटार आहे?' मावशीचा पहिलाच प्रश्न. डॉक्टर हसले, मीही हसले, आणि मग तिघंही गप्प.

चार वर्षांपूर्वी मावशीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आता काखेतली एक लिम्फ नोड पुन्हा फुगलीय. आधीच कापलेल्या, शेकलेल्या जागी परत चाकू चालवणं अवघड. म्हणून क्रायोअ‍ॅब्लेशन.

फंडा असा आहे. सीटी स्कॅनवर बघत बघत बारीक सुया थेट गाठीत घालायच्या. सुईच्या आत दाबाखालचा अरगॉन वायू सोडला, की तो एकदम प्रसरण पावतो आणि टोक उणे शंभर अंशांच्याही खाली जातं. भोवती चक्क बर्फाचा गोळा तयार होतो. साधारण दहा मिनिटं गोठवा, वितळू द्या, पुन्हा गोठवा. पेशी फुटतात, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात. सगळ्यात सॉलिड गोष्ट म्हणजे हा गोळा स्कॅनवर दिसतो! पण त्याच्या कडेला तापमान शून्याच्या आसपासच असतं आणि पेशी खात्रीने मरायला उणे २० ते ४० लागतं. म्हणजे गोळा गाठीपेक्षा मोठा हवा. आणि काखेतून हाताच्या नसा जातात. त्या गोठल्या तर हात लुळा पडू शकतो. त्यासाठी मध्ये सलाइन सोडून नसा बाजूला सारतात.

आयडिया तशी जुनीच. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट नावाचे डॉक्टर बर्फ आणि मीठ कालवून कॅन्सरच्या गाठींवर लावत, त्याने दुखणं कमी होई. बर्फ आणि मीठ! मे महिन्यात आजोळी पॉट आइस्क्रीमच्या बादलीत घालायचो तेच की. हँडल फिरवायला मावशीच पुढे असायची.

'मग मी बरी होणार ना?' तिने विचारलं.

'ही गाठ जाईल असं वाटतं. बाकी शरीरासाठी औषधं चालूच ठेवायची.'

रिक्षात ती म्हणाली, 'बरी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, ऐकलंस ना?' मी विषय बदलणार होते. नाही बदलला. 'हो, ऐकलं,' म्हटलं. तिने माझा हात घरापर्यंत सोडला नाही.

शुक्रवारी झालं सगळं, शनिवारी घरी. टाके नाहीत, नुसत्या दोन पट्ट्या. काख सुजलीय, करंगळीला थोड्या मुंग्या येतात. तीन महिन्यांनी स्कॅन आहे. तोवर फ्रीजरमधले मटार संपवायचे, असं मावशीने जाहीर केलंय.