भाकीत म्हणजे निवाडा नव्हे

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या विजेतेपदाचे दावेदार कोण, ही चर्चा आता सट्टेबाजांच्या परिभाषेत चालते. सट्टेबाजीच्या परवानगीला आड येणारा १९९२चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्दबातल ठरवला आणि अनेक राज्यांत हा व्यवहार राजरोस झाला. पेढ्या दर आठवड्याला प्रत्येक सामन्यासाठी अपेक्षित गुणफरक जाहीर करतात. पैशाचा ओघ बदलला की तो आकडाही सरकतो. म्हणजे हे मूल्यमापन नव्हे, बाजारभाव आहे.

आक्षेप आहे तो निवड समितीने हाच तर्क शिरोधार्य मानण्याला. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराही सामने जिंकले. तरी क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्यामुळे त्या संघाला अंतिम चारांत स्थान नाकारले गेले. एक पराभव पदरी असलेल्या अलाबामाला मात्र ते मिळाले.

पुढे जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे चिरडले, हा समितीचा कैवार घेणाऱ्यांचा हुकमी पुरावा. पण दावेदारीच हिरावल्यावर अनेक प्रमुख खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते! २०२४ पासून बारा संघांना प्रवेश मिळतो. मूळ प्रश्न तसाच आहे. घडलेल्याचा निवाडा आणि संभाव्याचे भाकीत यांतला भेद समीक्षेच्या अभ्यासकांना तरी निराळा सांगायला नको.