पेठेत नांदणारी लक्ष्मी

आज लक्ष्मीपूजन. प्रदोषकाळी घरोघरी चौरंगावर अक्षतांचे अष्टदल रेखून लक्ष्मीची व कुबेराची स्थापना होईल. लाह्या-बत्तासे, धने आणि गूळ यांचा नैवेद्य दाखविला जाईल. नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाईल. त्याच घटकेला आंबिवली स्थानकाबाहेरील एखाद्या चिंचोळ्या दुकानात कुणी किराणा व्यापारी गल्ल्याशेजारी नवी वही उघडून तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढील. बाहेर गाडीतून उतरलेल्या माणसांचा लोंढा वाहत असेल, फुलवाल्यांचा पुकारा चालू असेल, शेजारच्या मिठाईच्या दुकानापुढे गर्दी असेल. अशा कोलाहलात हा माणूस डोळे मिटून श्रीसूक्त ऐकेल व मनोमन तृप्त होईल. ही तृप्ती कशाची, हा प्रश्न आजच्या मंगल दिनी विचारात घेण्याजोगा आहे.

कारण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर भर पेठेतील दुकान हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटावा. जागा हातभर, भाडे अवाच्या सवा. माल उतरविण्यास जागा नाही, वाहनांचा धूर नाकातोंडात जातो, आणि दोन्ही अंगांना तोच माल विकणारे प्रतिस्पर्धी बसलेले. गावाबाहेर एवढ्याच भाड्यात ऐसपैस जागा मिळेल. तरीही दुकानदार पेठ सोडण्यास राजी नसतो. पिढी बदलली तरी मुलगा त्याच फळीवर बसतो. केवळ सवयीने हे घडते असे म्हणणे त्याच्या व्यवहारचातुर्यावर अन्याय करणारे होईल.

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या मध्ये आंबिवली वसले आहे. संकष्टी-अंगारकीला महागणपतीच्या दर्शनास निघालेले भाविक याच वाटेने जातात. ज्या कल्याणच्या परिसरात हे गाव मोडते, त्या कल्याणला व्यापाराचा वारसा थोडाथोडका नाही. कान्हेरीच्या लेण्यांत दान कोरून ठेवणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी येथील बंदराचा लौकिक परदेशी नावाड्यांच्या लेखनातही पोहोचला होता. १८५४ साली आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि बंदराच्या भोवतीची वस्ती हळूहळू रुळांच्या भोवती सरकली. वाहतूक बदलली, परंतु माणसे जेथे उतरतात तेथे पेठ उभी राहते हा नियम बदलला नाही. पूर्वी जो गलबतातून उतरे, तो आज लोकलमधून उतरतो, एवढाच काय तो फरक!

आपल्या पुराणांनी लक्ष्मीच्या जन्माची जी कथा सांगितली आहे, तिच्यात पेठेचे रहस्य दडलेले आहे असे आम्हांस वाटते. लक्ष्मी कुणा एकाच्या तपाने वा एकाच्या पराक्रमाने प्रकट झाली नाही. क्षीरसागराचे मंथन झाले, वासुकीची दोरी झाली, आणि एकमेकांचे हाडवैरी असलेले देव व दानव त्या एकाच दोरीची दोन टोके ओढू लागले, तेव्हा ती वर आली. दोघांपैकी एकाने जरी टोक सोडले असते तरी मंदराचल फिरला नसता. एका ओळीत बसलेल्या दहा कापडदुकानांचेही असेच आहे. ती एकमेकांची गिऱ्हाइके ओढतात हे खरे. परंतु लग्नाचा बस्ता बांधणारे कुटुंब त्या पेठेत येते ते दहा दुकाने पाहावयास मिळतील म्हणूनच. एकट्या दुकानाकडे माणूस गरज पडली तर जातो. पेठेत तो गरज नसतानाही फेरफटका मारतो आणि परतताना त्याच्या पिशवीत काहीतरी असते. ‘शेजारी दुकान निघाले, आता माझे कसे व्हावयाचे’ ही धास्ती पहिल्या वर्षी असते. पुढे शेजारचे दुकान बंद पडले तरच खरी चिंता लागते, हे कोणताही जुना व्यापारी सांगेल.

इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला. एकाच धंद्याची माणसे एका ठिकाणी गोळा झाली की त्या धंद्यातील खुब्या गुपित राहत नाहीत. त्या जणू हवेतच भरून राहतात आणि पोरेसोरेही त्या नकळत शिकतात, असे त्यांचे निरीक्षण होते. आमच्या पेठांतून हे पावलोपावली दिसते. कोणता माल यंदा चालणार, कोणत्या पेढीचा शब्द खरा, कोणाची उधारी बुडीत जाणार, ही विद्या कोणत्याही शाळेत मिळत नाही. ती शेजारच्या ओट्यावर चहा घेताना मिळते. सुटे पैसे हवे असले तर समोरचा देतो, दुकान सोडून बँकेत जावयाचे असले तर बाजूचा लक्ष ठेवतो, एखाद्याच्या घरी दुःखद प्रसंग घडला तर सारी ओळ अर्धी फळी लावून निघते. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू आपल्याकडे नसेल तर ‘पलीकडच्या दुकानात मिळेल’ असे सांगणारा दुकानदार आपले नुकसान करून घेत नाही. त्या एका वाक्याने गिऱ्हाईक पेठेशी बांधले जाते आणि उद्या तेच वाक्य पलीकडचा दुकानदार आपल्यासाठी उच्चारतो.

परंतु पेठेतील आनंदाचे याहूनही खोल असे एक कारण आहे, आणि ते केवळ नफ्याच्या हिशेबात बसत नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाचे विवेचन करताना नगराच्या मध्यभागी ज्या देवतांची स्थाने असावीत म्हणून सांगितले आहे, त्यांत शिवाबरोबर वैश्रवण म्हणजे कुबेर आहे आणि श्री म्हणजे साक्षात लक्ष्मी आहे. त्याच ग्रंथात पण्याध्यक्ष आणि पौतवाध्यक्ष, म्हणजे व्यापारावर व वजनमापांवर देखरेख करणारे अधिकारीही नेमलेले आहेत. देवालय आणि बाजार, श्रद्धा आणि तागडी यांना आपल्या पूर्वजांनी एकमेकांपासून तोडले नाही. उलट तागडी सरळ राहावी म्हणून ती देवाच्या दृष्टीसमोर ठेवली. ठाण्यात कौपिनेश्वराच्या मंदिरालगत जांभळी नाक्याची बाजारपेठ आहे, ती याच परंपरेतील होय. सोमवारी शिवाला बेल वाहून बाहेर पडलेली गृहिणी त्याच पायरीवरून भाजीच्या पाट्यांकडे वळते.

डोंबिवलीचा फडके रोड हे या परंपरेचे अलीकडचे उदाहरण. श्रीगणेश मंदिर संस्थानाची स्थापना १९२४ सालची. त्या मंदिराच्या आधाराने रस्ता वाढला, दुकाने वाढली, आणि दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगस्नान करून, नवी वस्त्रे लेवून तरुण-तरुणींनी तेथे जमावे, गणरायाचे दर्शन घ्यावे, आप्तमित्रांना भेटावे, असा प्रघात पडला. १९९९ साली गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेचा उपक्रम याच डोंबिवलीत सुरू झाला व पुढे तो महाराष्ट्रातील अनेक नगरांनी उचलला. त्या पहाटे त्या रस्त्यावर कोणी खरेदीसाठी येत नाही. तरीही तेथील दुकानदाराला विचारा, त्याला आपण या रस्त्यावर आहोत याचा अभिमान वाटतो. आपले दुकान गावाच्या आठवणींचा भाग झाले आहे, येथे वडिलांचे बोट धरून आलेला मुलगा उद्या आपल्या मुलाला घेऊन येणार आहे, ही जाणीव कोणत्याही जमाखर्चात मांडता येत नाही. व्यापारी माणूसच आहे. त्यालाही एकटेपणा सोसत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. गजबज म्हणजे समृद्धी नव्हे. गर्दीला शिस्त नसेल तर ती लक्ष्मीची नसून अलक्ष्मीची वाट ठरते. २०१७ सालच्या २९ सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांना प्राण गमवावे लागले. सणाच्या उंबरठ्यावर कित्येक घरांतील दिवे मालवले. त्यानंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. दुसऱ्या बाजूस, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा आणि त्यांच्यासाठी जागा नेमून देण्यास सांगणारा केंद्राचा कायदा २०१४ सालचा आहे. पायी चालणाऱ्याचा जीव आणि पाटीवाल्या बाईची भाकरी, या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागू नये, हेच या दोन्ही दंडकांचे तात्पर्य आहे. फेरीवाल्याला नेमकी जागा द्यावयाची नाही आणि मग तो वाटेत बसला म्हणून त्याची पाटी उचलावयाची, हा न्याय नव्हे. त्याचबरोबर पक्क्या दुकानाच्या मालकाने आपला माल पदपथावर मांडून फेरीवाल्याकडे बोट दाखविणे, हाही न्याय नव्हे.

आज आपण केरसुणीची पूजा करतो. मध्यरात्रीनंतर घर झाडून अलक्ष्मीला बाहेर घालविण्याची रूढी आपल्याकडे आहे. ती रूढी घराच्या उंबऱ्याशी थांबू नये. दुकानापुढचा केर शेजाऱ्याच्या पुढ्यात न लोटता उचलणे, पदपथ मोकळा ठेवणे, वजनात खोट न करणे, हेही अलक्ष्मीचे निःसारणच आहे. ज्या पेठेत म्हातारा माणूस निर्धास्त चालू शकतो, त्या पेठेकडे लक्ष्मीची पावले आपोआप वळतात.

आंबिवली-मोहने परिसराने पेठेचे उणे-अधिक स्वतः अनुभवले आहे. मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना अनेक दशके या भागाचा अन्नदाता होता. २००९ साली तो बंद पडला आणि हजारो कामगारांच्या चुली संकटात आल्या. पगाराच्या भरवशावर वाण्याकडे मांडलेले खाते, सणाच्या उचलीवर शिवावयास टाकलेले कपडे, मुलांच्या वह्यापुस्तकांची खरेदी, हे सारे एका फाटकाशी बांधलेले असते. फाटक मिटले की पहिला घाव कामगारावर पडतो. दुसरा घाव त्याला उधार देणाऱ्या दुकानदारावर. वहीतील ती येणी कुठल्याही तराजूत मोजता येत नाहीत. तुकोबारायांनी दुष्काळानंतर कुळांची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. ते वाणीच होते. येणे म्हणजे काय हे त्यांना पुरते ठाऊक होते. प्रत्येकाला तेवढे मोठे मन लाभत नाही. पण अडचणीच्या काळात तगादा न लावता ‘होईल तेव्हा द्या’ म्हणणारे छोटे दुकानदार आपल्या पेठांतून आजही भेटतात. त्यांची कीर्ती कोठे छापली जात नाही.

आता नवे आव्हान उभे आहे. भ्रमणध्वनीवर बोट टेकविले की वस्तू दारात येते, आणि अनेकदा ती स्वस्तही असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना, दिवसभर नोकरी करून थकलेल्या गृहिणीला ही सोय मोलाची आहे. तिची निंदा करण्याचे कारण नाही. मात्र ‘होईल तेव्हा द्या’ हे शब्द त्या यंत्राला उच्चारता येत नाहीत. रात्री उशिराच्या गाडीने उतरलेल्या मुलीला स्थानकाबाहेर जो उजेड आणि जी जाग आश्वस्त करते, ती उघड्या दुकानांची असते. तिची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. म्हणून ती फुकट आहे असा आपला समज होतो, आणि पेठ ओस पडल्यावर तो समज चुकीचा ठरतो.

तेव्हा भाविक कुटुंबांना आमची विनंती एवढीच की, सणाची सारी खरेदी नव्हे, निदान पूजेची सामग्री तरी आपल्या पेठेतून आणावी. पणत्या कुंभाराच्या हातच्या, केरसुणी ती बांधणाऱ्याकडची, फुले पाटीवाल्या मावशींची, लाह्या भडभुंज्याकडच्या. जाताना मुलांना बरोबर न्यावे. भाव करावा, पण दोन रुपयांसाठी पाटीवालीचा अंत पाहू नये.

आणि कल्याण-डोंबिवलीच्या नगरधुरीणांना विनंती की, आंबिवलीसारख्या उपनगरात नव्या इमारतींचे मजले मोजताना त्यांच्या पायथ्याशी नांदावयाच्या पेठेचाही विचार व्हावा. चालण्याजोगा पदपथ, भाजीवाल्यांसाठी ओटे, पुरेसा उजेड, आणि दिवसभर बाजारात बसणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह, एवढे असले तरी पेठ स्वतःच्या बळावर उभी राहते. या मागण्या मोठ्या नाहीत; त्या वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या जातात म्हणून मोठ्या वाटतात.

आज नव्या वहीच्या माथ्यावर व्यापारी ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे दोन शब्द लिहितील. त्यांत शुभ आधी आहे, लाभ मागाहून. शेजाऱ्याचे, गिऱ्हाइकाचे आणि वाटसरूचे शुभ ज्या पेठेत आधी पाहिले जाते, तेथे लाभ मागोमाग चालत येतो, ही आपल्या पूर्वजांची श्रद्धा होती. लक्ष्मीला चंचला म्हणतात. ती आपल्या गावाच्या पेठेत स्थिर व्हावी, प्रत्येक फळीवर दिवा तेवत राहावा आणि प्रत्येक घरी गोडाचा घास पोहोचावा, हीच आजच्या मंगल दिनी महालक्ष्मीच्या चरणी प्रार्थना.