पोरके करडू आणि वाडीची पेटी



गेल्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यातली एक शेळी रात्री व्याली आणि पहाटे मेली. मागे दोन करडे राहिली, एक बोकड आणि एक पाट. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि घरात शोधाशोध सुरू झाली. नातवंडाची जुनी दुधाची बाटली माळ्यावर सापडली, पण तिचे निपल कडक होऊन चिरलेले. मग वाटी-चमचा घेतला. बोकडाला मांडीवर उताणे धरून मी घाईघाईने दूध घातले. त्याला ठसका लागला, नाकातून दूध आले, आणि तिसऱ्या दिवशी छाती भरून ते गेले. पाटीला शेजारच्या मावशींनी उभी धरून, थोडे थोडे पाजले. ती जगली. आज ती कळपाबरोबर चरायला जाते.

बोकड मेले ते दुधावाचून नव्हे. घरात म्हशीचे दूध होते. ते मेले माझ्या अज्ञानामुळे आणि वेळेला साधन हाताशी नसल्यामुळे. नंदगडच्या आसपास आपल्यापैकी ज्यांच्या घरी दोन-चार शेळ्या आहेत, त्यांतील बहुतेकांना असा अनुभव एकदा तरी आला असेल. म्हणून आज मला जे सांगायचे आहे ते हे: पोरक्या करडा-कोकरांना पाजण्याची साधने व्यायच्या हंगामाआधी तयार असली पाहिजेत, आणि त्यासाठी प्रत्येक वाडीने मिळून एक पेटी ठेवावी.

पोरके म्हणजे फक्त आई मेलेलेच नव्हे. शेळीला आणि मेंढीला सड दोनच. तीन करडे झाली की तिसरे आई जिवंत असून पोरके. दगडी होऊन कास कडक झालेल्या शेळीचे करडू पोरके. पहिलटकरीण पिल्लाला जवळ घेत नाही, तेव्हा तेही पोरके. जुळ्यांचे प्रमाण वाढले की हा प्रश्नही वाढतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. उस्मानाबादी शेळीला जुळी नेहमीची, कधी तिळीही होतात. एका वेताला दोन-तीन पिल्ले हा मोठा फायदा आहे, पण ती जगली तरच.

पहिले सहा तास

नवजात करडाच्या अंगात रोगाशी लढण्याची शक्ती जवळजवळ नसते. माणसाच्या बाळाला त्यातला काही भाग आईच्या पोटातच मिळतो. करडाला आणि कोकराला तो फक्त चिकातून मिळतो. शिवाय त्याच्या आतड्यातून ही शक्ती रक्तात शोषली जाण्याचे दार पहिल्या काही तासांतच मिटू लागते आणि एका दिवसात बंद होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी कितीही चांगले दूध पाजले तरी पहिल्या दिवसाच्या चिकाची भरपाई होत नाही.

मात्रा लक्षात ठेवायला सोपी आहे. वजनाच्या एका किलोला एका वेळी ५० मिलिलिटर, आणि दिवसभरात अशा चार वेळा. अडीच किलोचे करडू असेल तर एका वेळी साधारण १२५ मिलिलिटर, चोवीस तासांत अर्धा लिटर. पहिला घोट पहिल्या तास-दोन तासांत पोटात गेला पाहिजे.

आई मेली असेल तर चीक आणायचा कुठून? आई नुकतीच मेली असेल तर तिच्या कासेतला चीक लगेच पिळून घ्यावा; मात्र ती रोगाने मेली असल्यास तो वापरू नये. त्याच दिवशी दुसरी शेळी व्याली असेल तर तिचा घ्यावा. नाहीतर आधी साठवलेला चीक हवा. आज आपल्याकडे बऱ्याच घरांत फ्रीज आहे. एकच करडू झालेल्या निरोगी शेळीला पहिल्या दिवशी जास्तीचा चीक असतो. तो शंभर-शंभर मिलिलिटरच्या लहान स्वच्छ डब्यांत भरून, तारीख लिहून, बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर वर्षभर उपयोगी पडतो. ज्या शेळीने पूर्वी गाभ टाकला आहे तिचा चीक मात्र साठवू नये.

साठवलेला चीक वितळवताना एक काळजी घ्यावी. तो चुलीवर ठेवू नये. डबा हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात धरावा. चीक तापला की त्याचा खरवस होतो हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. खरवस आपल्या पानात चांगला. करडाच्या बाटलीत तो गेला की निपलही तुंबते आणि चिकातला गुणही जातो.

साधन कोणते, आणि ते कसे वापरावे

जुन्या काळी आपल्या घरांत तान्ह्या बाळाला पाजायला बोंडले असे. त्याच्या चोचीतून दूध थेट तोंडात पडे. करडाला बोंडले किंवा चमचा नको, निपलच हवे. याला कारण आहे. करडाला चार कप्प्यांचे पोट असते, पण लहानपणी दूध पहिल्या मोठ्या कप्प्यात न जाता सरळ शेवटच्या कप्प्यात जायला हवे. करडू मान वर ताणून चोखते तेव्हा आतल्या घडीची नळी बनते आणि दूध नेमके तिथे पोचते. ओतलेले दूध भलत्या कप्प्यात जाऊन आंबते, पोट फुगते, हगवण लागते. घाईने ओतले तर ते श्वासनळीत जाते, आणि मग माझ्या बोकडाचे झाले तेच होते.

म्हणून करडू चार पायांवर उभे असावे. बाटली त्याच्या डोक्याहून थोडी वर, जशी आईची कास असते तशी धरावी. बाटली उलटी केली की दूध थेंब थेंब पडावे, धार लागू नये. छोट्या करडाला माणसाच्या बाळाचे मऊ निपल चालते. कोकरांसाठी आणि मोठ्या करडांसाठी जनावरांच्या औषधांच्या दुकानात लांबट लाल निपल मिळते, ते कोणत्याही साध्या बाटलीच्या तोंडावर बसते. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहावे. गरम वाटू नये, गारही वाटू नये.

जे करडू उभे राहत नाही, चोखत नाही, त्याच्यासाठी रबरी नळी असते. ती तोंडाच्या कडेने अन्ननळीतून पोटात सोडून, वर पिचकारीचे नळकांडे लावून चीक आपोआप उतरू द्यायचा. या नळीने पुष्कळ करडे वाचतात, पण ती श्वासनळीत गेली तर मिनिटात जीव जातो. म्हणून वाचून ती वापरू नये. जनावरांच्या डॉक्टरांसमोर दोन-तीनदा हाताने करून शिकावे. आणि थंड पडलेल्या करडाला नळीनेही पाजू नये. तोंडात बोट घातले आणि ते गार लागले, तर आधी पुसून, गोणपाटात गुंडाळून, चुलीजवळ ऊब द्यावी आणि डॉक्टरांना बोलवावे. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी फोन करता येतो. करडाच्या अंगाची ऊब माणसाहून जास्त, ३९ अंशांच्या वर असते. ३७ च्या खाली गेली की धोका समजावा.

बाटलीतली घाण

बाटलीने जीव वाचतो आणि बाटलीनेच जातो. हे माणसांच्या बाबतीत जगाने फार मोठी किंमत देऊन शिकले. गरीब देशांत डब्याचे दूध आणि अस्वच्छ बाटली यांमुळे बाळांना हगवण लागून ती दगावत. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा दुधाच्या विक्रीवर आचारसंहिता आणली आणि भारताने १९९२ साली कायदा केला. आईचे अंगावरचे दूध असताना बाटली नको, हे घरातल्या बाळासाठी जितके खरे, तितकेच गोठ्यातल्या करडासाठी. म्हणून आधी दाई शोधावी. एकच करडू असलेली शेळी मिळाली तर तिचा चीक किंवा वारेचे पाणी पोरक्या करडाच्या अंगाला चोळून तिच्याखाली सोडावे. शेळी वासावरून पिल्लू ओळखते. पहिले दोन-तीन दिवस तिला धरून पाजावे लागते, पण जमले तर बाटलीचा व्याप वाचतो.

बाटली वापरावीच लागली तर प्रत्येक वेळी ती आधी थंड पाण्याने खळखळून धुवावी, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून ब्रशने घासावी, आणि उलटी करून उन्हात वाळवावी. पावसाळ्यात ऊन नसते. तेव्हा बाटली आणि निपल उकळून घ्यावे. घरातल्या बाळाची बाटली आणि करडाची बाटली कधीही एक करू नये. करडाच्या तोंडावर मावा उठला असेल तर तो पाजणाऱ्याच्या हातावरही येतो. वार आणि गाभ टाकलेल्या शेळीचे रक्त उघड्या हाताने हाताळू नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही. त्यातून येणारा ताप महिनोन्‌महिने सोडत नाही.

खर्च परवडतो का?

काहीजण विचारतात, एका करडासाठी एवढी यातायात कशाला? प्रश्न रास्त आहे. आपण हिशेब करू. पहिल्या आठवड्यात दिवसाला सुमारे ४०० मिलिलिटर दूध, चार-पाच वेळा विभागून. पुढे महिनाभरापर्यंत सहाशेच्या आसपास, तीन वेळा. मग सातशेपर्यंत नेऊन सातव्या आठवड्यापासून कमी करत आठव्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे दोन महिन्यांनी, बंद. एकूण तीस-बत्तीस लिटर दूध लागते. आपण डेअरीत घालतो त्या भावाने त्याची किंमत काढा, आणि बाजारात सहा महिन्यांच्या पाटीला किंवा बोकडाला काय भाव येतो तो तिच्याशेजारी मांडा. उत्तर ज्याचे त्याला मिळेल.

दूध पाणी घालून वाढवू नये. करडाला गाईचे दूध मानवते. कोकराला म्हशीचे दूध अधिक जवळचे, कारण मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच दाट आणि स्निग्ध असते. दूध उकळून, मग कोमट करून द्यावे. एकाच वेळी पोट तुडुंब भरू नये. अधाशी करडाला तेच मारक ठरते. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला, थोडा भरडा आणि स्वच्छ पाणी पुढे ठेवावे, म्हणजे दूध लवकर तोडता येते.

पेटीत काय असावे

माझी सूचना साधी आहे. वाडीतल्या पाच-दहा घरांनी वर्गणी काढून एक झाकणाची पेटी करावी. तिच्यात रबरी नळी आणि पिचकारी, तापमापक, मापाचा पेला, नाळेला लावायचे टिंक्चर आयोडीन, बाटली घासायचा ब्रश आणि सोडा ठेवावा. बाटली आणि निपल मात्र ज्याचे त्याचे असावे, म्हणजे एका गोठ्यातला रोग दुसऱ्या गोठ्यात जाणार नाही. ज्या घरी फ्रीज आहे त्यांनी एक कप्पा चिकासाठी द्यावा. नळी वापरणारी दोन माणसे शिकवून तयार करावीत. त्यात एक तरी बाई असावी, कारण शेळ्यांचे काम आपल्याकडे मुख्यत: बायकाच करतात आणि अपरात्री गोठ्यात जाणाऱ्याही त्याच.

कोणी म्हणेल, सामाईक वस्तू म्हणजे कोणाचीच नव्हे. महिन्याभरात नळी हरवेल आणि ब्रश भांडी घासायला जाईल. ही भीती खरी आहे. म्हणून पेटी एका घरी ठेवावी, नेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे आणि धुऊन, उकळून, वाळवून परत केल्याशिवाय नाव खोडू नये. लग्नाची मोठी भांडी आपण अशीच वापरत आलो आहोत आणि ती हरवत नाहीत. पाजण्याचे काम मुलांवरही सोपवावे. न्यूझीलंडमध्ये खेड्यातल्या शाळकरी मुलांना बाटलीवर वाढवायला कोकरू देतात आणि शाळेत त्यांचा एक दिवस साजरा करतात. आपली मुलेही वेळेवर उठायला आणि हात धुवायला यातूनच शिकतील.

रविवारी मिस्सा संपल्यावर आपण अंगणात बराच वेळ बोलत उभे राहतो. येत्या रविवारी हा विषय निघावा एवढीच इच्छा. शेळी व्यायच्या रात्री पाऊस असतो, दुकान बंद असते आणि हात थरथरत असतात. त्या रात्री शोधाशोध करण्यापेक्षा पेटी आधीच भरून ठेवलेली बरी.