बाहेर पडायचं की राहायचं? ब्रेक्झिट आणि आमची परसबाग



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेत चौथी आणि पाचवीची मिळून एकच परसबाग आहे. पाचवीच्या मुलांची तक्रार होती, "बाई, पाणी आम्ही घालतो आणि चौथीची पोरं नुसती मेथी तोडायला येतात." मी म्हटलं, चला, मतदान घेऊ. चिठ्ठ्या टाकल्या. वेगळं व्हायचं 14, एकत्र राहायचं 12. जिंकलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण नळ तर चौथीच्या बाजूला आहे!"

वर्ग गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्प. मत घेण्याआधी विचारायचा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

घरी आल्यावर मला ब्रेक्झिट आठवलं. 'देशाने राजकीय आणि व्यापारी गट सोडावा का?' हा विषय वरच्या वर्गांच्या वादविवादात नेहमी येतो. मुलं दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ करतात, पण नळ कोणाच्या बाजूला आहे हे कोणी विचारत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर 1951 मध्ये फ्रान्स, जर्मनी यांच्यासह सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र करण्याचा करार केला. ज्यातून तोफा बनतात तेच सामायिक केलं, तर पुन्हा युद्ध करणं अवघड जाईल, हा त्यामागचा विचार. पुढे त्यातूनच युरोपीय संघ उभा राहिला. ब्रिटन 1973 मध्ये या गटात आलं. 1975 मध्ये तिथे सार्वमत झालं तेव्हा सुमारे 67% लोकांनी 'राहू या' म्हटलं. 23 जून 2016 ला पुन्हा सार्वमत झालं. या वेळी 51.9% लोक 'बाहेर पडू' म्हणाले, 48.1% लोक 'राहू' म्हणाले.

बाहेर पडा म्हणणारे वेडे होते का?

अजिबात नाही. मुलांना हे आवर्जून सांगा. आपले कायदे आपल्याच संसदेने करावेत, ही मागणी कोणत्याही स्वाभिमानी देशाला पटेल अशीच आहे. आपल्या समुद्रातले मासे दुसऱ्या देशांच्या बोटी नेतात, हे कोळ्यांचं दुःखही खरं होतं. मासेमारीच्याच प्रश्नावरून ग्रीनलंड 1985 मध्ये त्या गटातून बाहेर पडलं होतं. म्हणजे गट सोडणं हा गुन्हा नव्हे, तो हक्क आहे.

पण प्रचारात काय झालं? एका लाल बसवर लिहिलं होतं की, आपण युरोपला दर आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ या. हा आकडा ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता काढलेला होता. शिवाय युरोपकडून शेतीला, संशोधनाला परत येणारा पैसाही त्यात धरला नव्हता. आपल्या चौथीतल्या मुलाने वजाबाकी न करता उत्तर लिहिलं तर आपण गुण देतो का?

नळ कोणाच्या बाजूला?

ब्रिटनचा 'नळ' होता आयर्लंडमध्ये. नकाशा काढून मुलांना दाखवा. आयर्लंड हे एकच बेट, पण त्याचा उत्तरेचा तुकडा ब्रिटनमध्ये आणि बाकीचा स्वतंत्र देश, जो युरोपीय संघातच राहिला. उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे तीस वर्षं हिंसाचार चालला, साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. 1998 मध्ये शांतता करार झाला. मग सीमेवरच्या लष्करी चौक्या गेल्या आणि लोक सहज ये-जा करू लागले.

आता ब्रिटन बाहेर पडलं की मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार. जमिनीवरच्या सीमेवर केली तर जुनी जखम उघडी पडणार. समुद्रात केली तर आपल्याच देशाच्या दोन भागांत तपासणी होणार! 2016 च्या मतपत्रिकेवर यातलं काहीच नव्हतं. तिथे दोनच पर्याय होते, राहायचं किंवा सोडायचं. थेरेसा मे यांचा करार 2019 मध्ये संसदेने तीनदा फेटाळला. ब्रिटन बाहेर पडलं 31 जानेवारी 2020 ला. आणि आयर्लंडच्या तपासणीचा घोळ निस्तरायला 2023 मध्ये पुन्हा नवा करार करावा लागला.

मला विचाराल तर

माझ्या मते ब्रिटनने बाहेर पडायला नको होतं. युरोपशी करार झाल्यामुळे जकात वाचली, पण कागदपत्रं आणि तपासण्या वाढल्या. मोठ्या कंपनीला हे झेपतं, लहान दुकानदाराला नाही. ब्रिटनच्याच अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे की, देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे 4% कमी राहील. दुसरी बाजूही सांगते. ब्रिटनला स्वतःचे करार करायची मोकळीक मिळाली. जुलै 2025 मध्ये भारताशी झालेला व्यापार करार त्यातलाच. पण शेजारच्या बाजाराची भरपाई दूरच्या बाजाराने सहज होत नाही.

शिक्षिका म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. 2014 च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात 16 वर्षांच्या मुलांना मत होतं. 2016 मध्ये मात्र नव्हतं. ज्यांना या निर्णयाबरोबर सर्वांत जास्त वर्षं जगायचं, त्यांना कोणी विचारलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : देशाने गट सोडावा की नाही हे लोकांनीच ठरवावं, पण 'सोडायचं का' याच्या आधी 'कसं सोडायचं' हे कागदावर यावं. नाहीतर लोक मत देतात एका गोष्टीला आणि पदरात पडते दुसरीच.

वर्गात काय करता येईल?

वादविवाद घेण्याआधी मुलांकडून तीन रकाने भरून घ्या : आपलं काय, त्यांचं काय, दोघांचं मिळून काय. तिसरा रकाना भरताना मुलं खरा विचार करतात.

आम्हीही दुसऱ्या दिवशी तेच केलं. तिसऱ्या रकान्यात नळ, झारी, खुरपं, कंपोस्टचा खड्डा आणि कढीपत्ता आला. यादी फळ्यावर लिहून पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. एकत्र राहायचं 19, वेगळं व्हायचं 7. पाणी घालायच्या पाळ्या मात्र नव्याने ठरल्या, कारण पाचवीची तक्रार खरी होती. ती सात मुलं अजूनही नाराज आहेत आणि पाळी चुकली की पहिली बोंब तेच मारतात. मी त्यांना थांबवत नाही.