चाक कुणी धरून ठेवलंय?

यंत्रांशी गप्पा



पहाटे भाजीचे क्रेट भरून बाजाराकडे निघालेली जुनी पिकअप तुम्ही पाहिली असेलच. काही जणांच्या तर घरचीच असेल. अशी गाडी कधी कधी गुपचूप आजारी पडते. इंजिन ठणठणीत, टायरमध्ये हवा बरोबर, पण गाडी पूर्वीसारखी पळत नाही. डिझेल जास्त लागतं. सपाट जागेवर हँडब्रेक सोडून दोघातिघांनी ढकललं, तरी हलायचं नाव घेत नाही. थोडं फिरून आली की चाकाजवळ जळका वास येतो. मेकॅनिककाका वास घेतात आणि म्हणतात, "ब्रेक चिकटतोय."

ब्रेक चिकटतोय म्हणजे काय? तर ड्रायव्हरने पेडलवरून पाय उचलला तरी ब्रेकने चाक पूर्ण सोडलेलं नाही. गाडी पुढे जाऊ पाहतेय आणि कुणीतरी तिला मागून धरून ठेवलंय! आता हा 'कुणीतरी' शोधायचा कसा? आज तीच गंमत पाहू या.

आधी ब्रेक चालतो कसा ते समजून घेऊ. ड्रायव्हरच्या पेडलला मास्टर सिलिंडर जोडलेला असतो. त्यात ब्रेक ऑइल असतं. तिथून बारीक पाइप निघतात आणि चाकांपर्यंत जातात. चाकं वरखाली हलतात, म्हणून शेवटचा तुकडा लवचीक रबरी होजचा असतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी सांगितला. समजा, ५ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर ५० किलोचा जोर दिला. दर चौरस सेंटिमीटरला १० किलोचा दाब झाला. तोच दाब चाकातल्या १० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर पडला, तर जोर होतो १०० किलो! या जोराने ब्रेकचे लाइनर ड्रमवर दाबले जातात आणि चाक थांबतं.

पण दोस्तांनो, धरण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं, बरं का! पाय उचलला की चाकातल्या स्प्रिंगा लाइनरला मागे ओढतात आणि ऑइल आल्या वाटेने परत जातं. या परतीच्या वाटेवर अडथळा आला, किंवा चाकातलाच एखादा भाग गंजून अडकला, की ब्रेक चिकटतो.

"थोडासा चिकटला तर काय बिघडलं?" असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. घर्षणाने उष्णता तयार होते. उष्णतेने ऑइल प्रसरण पावतं. त्याला परत जायला वाट नसेल, तर दाब आणखी वाढतो. दाब वाढला की घर्षण वाढतं, आणि पुन्हा उष्णता! म्हणूनच सकाळी गार असताना बरी चालणारी गाडी दहा-पंधरा किलोमीटरनंतर जखडते. आता ही गाडी भरल्या मालानिशी घाट उतरतेय अशी कल्पना करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंश सेल्सियसपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. मग पेडल थेट तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. जो ब्रेक सुटत नव्हता, तोच ऐन उतारावर लागत नाही!

म्हणून दुखणं लवकर शोधायला हवं. पण अंदाजाने एकेक भाग बदलत बसलं, तर पैसे जातात आणि दुखणं राहतं. हुशार मेकॅनिक आधी प्रश्न विचारतो. माणसांना नव्हे, गाडीला!

पहिला प्रश्न : किती चाकं धरली जाताहेत? सपाट जागी गाडीच्या बाकीच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे लावायचे, गाडी जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवायची आणि चाक हाताने फिरवून पाहायचं. सगळीच चाकं जड असतील, तर संशय सर्वांच्या सामाईक जागेवर, म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडरवर. एकच चाक जड असेल, तर दोष त्याच्याच आसपास.

दुसरा प्रश्न : ऑइलचा दाब अडकलाय का? प्रत्येक चाकाच्या ब्रेकला ऑइल काढायचा एक छोटा निपल असतो. चाक जखडलेलं असताना तो ढिला करायचा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर ऑइल बिचारं निर्दोष! मग गंजलेला दट्ट्या, तुटलेली स्प्रिंग, जास्त आवळलेले लाइनर किंवा हँडब्रेकची अडकलेली केबल शोधायची.

तिसरा प्रश्न : दाब कुठे कोंडला होता? पेडल दाबून चाक पुन्हा जखडू द्यायचं आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा पाइप ढिला करायचा. चाक सुटलं, तर दोष तिथेच. पेडलला थोडी मोकळी चाल नसेल, तर ऑइल परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. कधी कुणी चुकून भलतंच तेल ओतलेलं असतं आणि रबरी सील फुगतात. चाक सुटलं नाही, तर दोष मधल्या वाटेवर, आणि जुन्या गाडीत बहुधा रबरी होजमध्ये. वरून धडधाकट दिसणारा होज आतून फुगून अरुंद होतो. पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण स्प्रिंगांचा जोर ते परत आणायला पुरत नाही.

पाहिलंत? तीन प्रश्नांत सगळी गाडी तपासून झाली. मात्र ही कामं मेकॅनिककाकांचीच. तुम्ही उचललेल्या गाडीखाली जायचं नाही आणि तापलेल्या ड्रमला हात लावायचा नाही. त्यावर पाणीही ओतू नये, ओतीव लोखंड तडकू शकतं. आणि पालकहो, निपल किंवा पाइप उघडल्यावर ऑइलमधली हवा काढून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

तुमच्यासाठी घरचा प्रयोग आहे. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक लहान, एक मोठी. पाणी भरून बारीक लवचीक नळीने जोडा. मोठीच्या दट्ट्याला मागे ढकलेल असं एक रबरबँड लावा. लहान सिरिंज दाबा, सोडा. आता नळी चिमटीत अर्धवट धरून तेच करा. दट्ट्या परत यायला किती वेळ लावतो ते पाहा. हाच तो फुगलेला होज!

सायकलवरही हीच युक्ती चालते. चाक जड वाटलं, तर ब्रेकची केबल ब्रेकपाशी सोडा. चाक मोकळं झालं, तर दोष केबलमध्ये किंवा दांडीत. नाही झालं, तर ब्रेकमध्येच किंवा वाकड्या रिममध्ये.

आता एक कोडं. एका पिकअपची मागची दोन्ही चाकं तापतात. हँडब्रेकची दांडी खाली आहे. दोन्ही निपल उघडले, तरी चाकं जडच. सांगा बरं, पहिला संशय कुणावर?

(उत्तर : हँडब्रेकच्या केबलवर. दाब कोंडलेला नाही, आणि दोन्ही मागच्या चाकांना ओढणारी दुसरी वस्तू तीच!)