चिखलावरची वाट सर्वांची

निसर्ग पाहायचा तर पाय धडधाकट हवेत, असे आपण उघड म्हणत नाही. वागतो मात्र तसेच. या सदरातही गडवाटा आणि घाटवाटाच जास्त आल्या. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आजी, चाकाच्या खुर्चीतला मुलगा, तान्हे कडेवर घेतलेली आई यांच्या वाट्याला सोसायटीच्या बागेतला बाकच येतो.

म्हणून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातली, कांदळवनात शिरणारी उंचावरची वाट मला मोलाची वाटते. ठाणे खाडीच्या या काठावर जंगल आणि दलदल एकच. डोंगर चढायचा नाही, चिखल तुडवायचा नाही, घाई तर नाहीच. ओहोटीच्या वेळी जावे. चिखलातून तिवराची पेन्सिलीएवढी मुळे हजारोंनी वर आलेली दिसतात. खाली प्राणवायू जवळजवळ नसतो, तो ती हवेतून घेतात. पाच मिनिटे स्थिर उभे राहिले की बिळांतून खेकडे बाहेर येतात. त्यांच्यातला नर आपली एकच मोठी नांगी हलवत राहतो. निवट्या नावाचे मासे परांच्या जोरावर चिखलातच सरपटतात. तिवर नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पान न तोडता त्यावर बोट फिरवून जिभेला लावले की खारटपणा कळतो. ज्याला दिसत नाही त्यालाही हे जंगल असे भेटते, आणि ही गोष्ट मला रोहित पक्ष्यांच्या थव्याहून कमी वाटत नाही.

अशा वाटेचा फायदा दलदलीलाही आहे. माणसे फळ्यांवरून चालली की मुळे पायाखाली चिरडली जात नाहीत, आणि खांबांमधून भरतीचे पाणी मोकळे ये-जा करते. सोय म्हणून भराव घालून पेव्हर ब्लॉक बसवणे हे मात्र दलदलीचा गळा घोटणे आहे. त्याला माझा ठाम विरोध आहे.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर तर त्याआधीच राज्यातले पहिले रामसर स्थळ झाले. पाणथळींना असे दर्जे आहेत, तसा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाही २०१६चा आहे. मग प्रत्येक पाणथळीवर निदान एक छोटी वाट सर्वांना जाता येईल अशी का नसावी? एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, दोन्ही बाजूंना कठडा, थोड्या थोड्या अंतरावर टेकायला बाक, चाकाची खुर्ची आत वळेल असे स्वच्छतागृह आणि दाराशी भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक. निसर्ग पर्यटनाच्या निधीत सेल्फी पॉइंट बसतात, तर हेही बसायला हवे.

वाचकांनो, पुढच्या सुट्टीत घरातल्या ज्येष्ठांना अशा वाटेवर न्या. जिथे पायरी आडवी येईल तिथल्या वन कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.