२६ कोटींचं औषध आणि ३४ गुणांची परीक्षा: मूल 'सुधारलं' हे ठरवतं कोण?

एका डोसची किंमत सुमारे ३२ लाख डॉलर. म्हणजे आपल्या पैशांत २६ कोटींच्या वर. औषधाचं नाव एलेव्हिडिस, आणि ते आयुष्यात एकदाच द्यायचं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, या औषधाच्या वापरावर मोठी मर्यादा आणली. ज्या मुलांचं चालणं बंद झालं आहे, त्यांच्यासाठीची मान्यता काढून घेतली. चालणाऱ्या मुलांसाठी औषध सुरू राहिलं, पण माहितीपत्रकावर यकृत निकामी होण्याचा चौकटीतला कडक इशारा आला.

या काळातल्या बातम्यांमध्ये मुलांचे मृत्यू होते, कंपनीचे कोसळलेले शेअर होते, एफडीएमधलं राजकारण होतं. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न फार साधा आहे. औषध घेतल्यावर मुलाला फरक पडला की नाही, हे मोजायचं कसं? त्याचं उत्तर बऱ्याच अंशी फिजिओथेरपिस्टच्या हातातल्या एका गुणपत्रिकेवर अवलंबून असतं. ती गुणपत्रिका समजली की हे अख्खं प्रकरण समजतं.

आधी आजार समजून घेऊ

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे. जनुकातला दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला. स्नायूंना बळकटी देणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन या मुलांच्या शरीरात तयारच होत नाही.

जन्मतः मूल ठणठणीत दिसतं. तीन-चार वर्षांचं झालं की घरच्यांच्या लक्षात येतं की हा सारखा पडतो, जिना चढताना कठड्याला धरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत उभा राहतो. पुढे साधारण आठ ते तेरा या वयात बहुतेक मुलं व्हीलचेअरवर येतात. त्यानंतर श्वास आणि हृदयाचे स्नायू थकत जातात.

एलेव्हिडिस ही जीन थेरपी आहे. डिस्ट्रोफिनचं मूळ जनुक इतकं मोठं आहे की ते वाहून नेणाऱ्या विषाणूत मावत नाही. म्हणून सारेप्टा या अमेरिकन कंपनीने त्याची कापून लहान केलेली आवृत्ती विषाणूत भरली आणि ती सलाईनमधून द्यायची सोय केली. अडचण अशी की एकदा हा विषाणू शरीरात गेला की त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. त्यामुळे दुसऱ्यांदा डोस देता येत नाही, आणि उद्या याच धाटणीची यापेक्षा चांगली थेरपी आली तरी या मुलासाठी तिचा दरवाजा बहुधा बंद झालेला असतो. म्हणूनच 'करून तर बघू' हे वाक्य इथे फार महाग पडतं. पैशांनीही आणि संधीच्या हिशेबानेही.

१७ हालचाली, ३४ गुण

ड्यूशेनच्या चालत्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी परीक्षा म्हणजे 'नॉर्थ स्टार'. ती ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी तयार केली. तिच्यात १७ गोष्टी करून दाखवायच्या असतात. सरळ उभं राहणं, चालणं, खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं, पायरी चढणं-उतरणं, पाठीवर झोपलेलं असताना डोकं उचलणं, जमिनीवरून उठणं, टाचांवर उभं राहणं, उडी मारणं, लंगडी घालणं, धावणं.

प्रत्येक हालचालीला ०, १ किंवा २ गुण. नेहमीसारखी जमली तर २. कशीतरी पण कुणाच्या मदतीशिवाय जमली तर १. जमलीच नाही तर ०. एकूण गुण ३४. शिवाय जमिनीवरून उठायला आणि १० मीटर अंतर जायला किती सेकंद लागले, तेही घड्याळ लावून मोजतात.

ऐकायला खेळासारखं वाटतं, पण घेणाऱ्यासाठी काम अवघड असतं. समोर चार वर्षांचं पोर असतं. त्याची झोप झालेली नसेल, त्याला भूक लागली असेल किंवा आज त्याला लंगडी घालायचीच नसेल, तर गुण कमी पडतात. उलट कुणी जोरात टाळ्या वाजवल्या, शर्यत लावली, तर गुण वाढतात. म्हणून परीक्षकाला प्रशिक्षण द्यावं लागतं, प्रत्येक वेळी सूचना त्याच शब्दांत द्याव्या लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणत्या मुलाला खरं औषध मिळालंय आणि कोणाला नाही, हे परीक्षकाला, पालकांना आणि मुलाला माहीत नसलं पाहिजे. आशा हीसुद्धा गुण वाढवणारी गोष्ट आहे.

मग परीक्षेचा निकाल काय लागला?

मोठ्या चाचणीचं नाव होतं एम्बार्क. ४ ते ७ वर्षांची १२५ मुलं त्यात होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. वर्षभराने नॉर्थ स्टारचे गुण किती बदलले, यावर यश ठरणार हे आधीच लिहून ठेवलं होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल आला. औषध घेतलेल्या मुलांचे गुण सरासरी २.५७ ने वाढले. औषध न घेतलेल्यांचेही वाढले, १.९२ ने. फरक ०.६५ गुणांचा, म्हणजे ३४ पैकी एक गुणसुद्धा नाही. आकडेशास्त्राच्या भाषेत, औषधाचा काहीही परिणाम नसता तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे २४ टक्के होती. औषध पास व्हायला ती ५ टक्क्यांच्या खाली लागते. थोडक्यात, मुख्य परीक्षेत औषध नापास झालं.

इथे थांबून एक गोष्ट बघा. औषध न घेतलेल्या मुलांचेही गुण वाढले. आजार तर स्नायू खाणारा आहे, मग असं कसं?

कारण मूल वाढतही असतं. चार वर्षांचं मूल लंगडी घालायला शिकत असतं, त्याचा तोल सुधारत असतो. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्याही चालू असतात. त्यामुळे साधारण सहा-सात वर्षांपर्यंत ड्यूशेनच्या मुलांचे गुण वाढतात, मग काही काळ स्थिरावतात आणि त्यानंतर घसरतात. म्हणजे औषध दिल्यावर सहा महिन्यांनी पाच वर्षांचा मुलगा जिना पटपट चढताना दिसला, तर ते श्रेय औषधाचं की वयाचं, हे त्या एका मुलाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. आईवडिलांनाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. तुलनेसाठी औषध न घेतलेला गट लागतो तो यासाठीच.

नापास होऊनही मान्यता मिळाली?

हो. इथून खरा वाद सुरू होतो.

एम्बार्कचा निकाल येण्याआधीच, जून २०२३ मध्ये, एफडीएने ४ आणि ५ वर्षांच्या मुलांसाठी औषधाला तात्पुरत्या स्वरूपाची मान्यता दिली होती. आधार होता स्नायूंमध्ये तयार झालेल्या त्या छोट्या प्रथिनाचं प्रमाण. आधीची ४१ मुलांची चाचणीही नॉर्थ स्टारवर एकूणात अयशस्वी ठरली होती, पण त्यातल्या ४-५ वर्षांच्या गटात फरक दिसला होता. सल्लागार समितीतही मत विभागलेलं होतं, ८ विरुद्ध ६.

मग जून २०२४ मध्ये, मुख्य परीक्षा हुकलेली असतानाही, एफडीएने औषधाची व्याप्ती वाढवली. चार वर्षांवरच्या चालणाऱ्या सगळ्या मुलांना पूर्ण मान्यता, तर न चालणाऱ्यांना तात्पुरती. संस्थेतल्याच तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांचा याला विरोध होता. विभागाचे प्रमुख पीटर मार्क्स यांनी तो बाजूला सारून निर्णय घेतला. त्यांचा भर दुय्यम मोजमापांवर होता. जमिनीवरून उठायला लागणारा वेळ औषध घेतलेल्या गटात तुलनेने सुमारे ०.६४ सेकंदांनी कमी झाला होता, आणि १० मीटरचा वेळ ०.४२ सेकंदांनी.

युरोपच्या नियामक संस्थेने हीच आकडेवारी बघितली आणि जुलै २०२५ मध्ये उलट शिफारस केली. हालचालींवर परिणाम सिद्ध झालेला नाही, त्यामुळे मान्यता देऊ नये.

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय?

औषधाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की दोष पट्टीचा आहे. ०, १, २ अशा ढोबळ गुणांत छोटा बदल पकडला जात नाही. उठायला सहा सेकंद लागोत की पाच, गुण तोच राहतो, सेकंद मात्र फरक दाखवतात. आणि वर्षभराचा काळ कमी आहे, कारण या वयात दोन्ही गट वर जात असतात. खरा फरक घसरण सुरू झाल्यावर दिसेल. या म्हणण्यात तथ्य आहे. जमिनीवरून उठायला लागणारा वेळ वाढत जाणं ही पुढे चालणं बंद होण्याची खूण असते, हे या क्षेत्रात मान्य आहे.

विरोधक म्हणतात की पट्टी कंपनीने स्वतः निवडली होती, निकाल यायच्या आधी. पेपर अवघड गेल्यावर दुसऱ्या विषयाचे गुण धरा म्हणायचं, तर मग परीक्षेला अर्थ काय? दहा गोष्टी मोजल्या तर एखाद-दुसरी योगायोगानेही चांगली येते. म्हणून तर मुख्य मोजमाप आधी ठरवतात. यातही तथ्य आहे.

जिथे ही पट्टी लागूच होत नव्हती

जो मुलगा उभाच राहू शकत नाही, त्याला १७ पैकी जवळपास सगळ्या हालचालींत शून्यच मिळणार. त्याच्यासाठी नॉर्थ स्टारचा उपयोग नाही. अशा मुलांसाठी हातांच्या क्षमतेची वेगळी परीक्षा असते, पेला तोंडापर्यंत नेता येतो का, हात खांद्यापर्यंत उचलता येतो का अशी. कारण त्यांच्या आयुष्यात फरक तिथे पडतो.

२०२४ मध्ये व्हीलचेअरवरच्या मुलांना जी मान्यता मिळाली, ती अशा कुठल्या परीक्षेतल्या यशावर नव्हती. ती प्रथिनाच्या प्रमाणावर होती. स्नायूत प्रथिन दिसतंय, म्हणजे फायदा होईल, असा अंदाज.

या मुलांचं वजन जास्त असतं, आणि डोस वजनावर ठरतो. त्यामुळे शरीरात जाणारा विषाणूही जास्त. २०२५ मध्ये याच गटातल्या दोन किशोरवयीन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. जुलैमध्ये एफडीएने औषधाचा पुरवठा थांबवायला सांगितलं, काही दिवसांनी चालणाऱ्या मुलांसाठी तो पुन्हा सुरू झाला, आणि नोव्हेंबरमध्ये माहितीपत्रक बदललं. धोका आकड्यांत दिसला. फायदा मात्र या गटात कधी नीट मोजलाच गेला नव्हता.

जिथे मोजमाप जमलं: एसएमए

हे सगळं वाचून जीन थेरपी म्हणजे फसवणूक असं वाटेल. तसं नाही. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा शेजारचाच आजार आहे. 'सोळा कोटींचं इंजेक्शन' म्हणून महाराष्ट्रात गाजलेलं झोल्गेन्स्मा याच आजारासाठीचं. त्याच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण डोस मिळालेली फक्त १२ बाळं होती. तरी डॉक्टरांना खात्री पटली.

कारण टाइप १ एसएमएचं बाळ उपचाराशिवाय कधीच आधाराविना बसत नाही. या बाळांसाठी 'चॉप इन्टेंड' नावाची ६४ गुणांची परीक्षा आहे. तिच्यात पाय उचलणं, मान वळवणं, वस्तू पकडणं अशा अगदी लहान हालचालीही मोजतात. उपचार नसलेली टाइप १ ची बाळं ४० च्या वर क्वचितच जातात. चाचणीतल्या १२ पैकी ११ बाळांनी ४० ओलांडले, ११ आधाराविना बसली आणि दोन चालली. इथे वयाचं श्रेय की औषधाचं, हा वादच उरला नाही. पट्टी आजाराच्या मापाची होती आणि फरकही मोठा होता.

आपल्याकडे याचं काय?

भारतात २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली निवडक केंद्रांमधून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यापैकी एक केंद्र. २६ कोटींपुढे ही रक्कम कुठेच पुरत नाही, त्यामुळे कुटुंबं लोकवर्गणीकडे वळतात आणि ते आवाहन तुमच्या-आमच्या मोबाइलवर येतं. दुसरीकडे एसएमएवरच्या रिस्डिप्लाम या औषधाची भारतीय आवृत्ती नॅटको कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये १५,९०० रुपये बाटली या किमतीला आणली. मूळ औषधाच्या तुलनेत ही किंमत फारच कमी आहे. औषध हाताशी येईल तसं मोजमापही आपल्याच दवाखान्यांत रोज लागेल.

म्हणून घरात असं मूल असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारा: कोणत्या परीक्षेने मोजता? आजचे गुण किती? ते कागदावर लिहून द्या, सहा महिन्यांनी पुन्हा त्याच पद्धतीने घ्या. उपचार सुरू करण्याआधीचे गुण नसतील, तर नंतरच्या गुणांना काही अर्थ उरत नाही. मूल चालत नसेल तर हातांचे गुण मागा. ड्यूशेनसाठीच नव्हे, सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारांसाठीही वेगळ्या, त्यांच्या मापाच्या पट्ट्या आहेत.

आणि मदतीची पोस्ट समोर आली तर मदत जरूर करा. फक्त सोबतच्या 'आधी-नंतर'च्या व्हिडिओवरून औषधाची परीक्षा करू नका. पोस्टमध्ये आजाराचं नाव कोणतं, मुलाचं वय काय, मूल चालतं का, आणि त्या गटात औषधाचा फायदा मोजून सिद्ध झालाय का, एवढं बघा. एलेव्हिडिस आणि झोल्गेन्स्मा दोन्ही कोटींचीच औषधं आहेत, पण या प्रश्नांची त्यांची उत्तरं सारखी नाहीत.